दक्षिणेची सून, उत्तरेची विहीण

आमच्या जिल्ह्यात सोयरीक मोडायला जात लागत नाही, पत्रिका लागत नाही, हुंडासुद्धा लागत नाही. नुसती दिशा पुरते. उत्तर म्हणजे पाट, ऊस, साखर कारखाना आणि दारात पांढरी गाडी. दक्षिण म्हणजे टँकर, बाजरी, हुलगे आणि ऊस तोडायला गेलेली माणसं. मध्ये नगर शहर. त्याचं आता अहिल्यानगर झालं, एसटीवरच्या पाट्या बदलल्या, पण पाटाचं पाणी जिथवर पोचतं तिथवरच्या लोकांचा तोरा काही बदलला नाही. मी जन्मले दक्षिणेत, पाथर्डीच्या पुढच्या एका गावात, आणि अठ्ठावीस वर्षांपूर्वी लग्न होऊन आले उत्तरेत, बेलापूरला. त्यामुळे दोन्हीकडच्यांना नावं ठेवायचा मला पुरता हक्क आहे आणि तो मी सोडणार नाही.

इकडचा एक नियम आहे. दक्षिणेतली मुलगी करायची, दक्षिणेत मुलगी द्यायची नाही. दक्षिणेतली मुलगी कामाला वाघ असते, मागत काही नाही, आणि नळाला पाणी आलेलं बघूनच खूश होते, अशी आमच्या सासूबाईंची ठाम समजूत. लग्नानंतर पहिल्याच दिवशी त्यांनी मला मोरीत नेऊन नळ दाखवला. "हा असा सोडायचा, आन असा बंद करायचा." मी बारावी पास होते. पण नवी नवरी, काय बोलणार? मी मान हलवली आणि दोनदा नळ सोडून बंद करून दाखवला.

पुढं मी घरी शिलाई सुरू केली. गावातल्या बायका ब्लाउज शिवायला यायच्या आणि मापं देता देता चौकशा करायच्या. एकीनं विचारलं, "तुमच्याकडं रोज आंघोळ करत्यात का हो?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण टेप तिच्या गळ्याशी होता आणि गिऱ्हाईक तोडणं परवडणारं नव्हतं. मी म्हटलं, "करतो की. दिवाळीच्या दिवाळी." सगळ्या खो खो हसल्या. त्या दिवशी मला युक्ती सापडली. कुणी आपल्याला हसायच्या आत आपणच आपल्यावर एक विनोद मारून मोकळं व्हायचं. बायका म्हणायला लागल्या, ही दक्षिणेची असून किती खेळकर आहे! त्यातलं 'असून' मी तेव्हा ऐकून सोडून दिलं.

या कलेचं खरं चीज केलं ते आमच्या धाकट्या दिरांनी. भाऊजींचा पाच एकर ऊस. पाट खोदला इंग्रजांच्या काळात, पण भाऊजींचं बोलणं असं, की यांनीच पहाटे उठून पहिला टिकाव मारला. घरात चार पाहुणे बसले की ते दक्षिणेवर एक विनोद सोडणार, मग माझ्याकडं वळून म्हणणार, "काय वहिनी?" म्हणजे आता माझी पाळी. मी त्यावर वरताण काहीतरी जोडायचं आणि सगळ्यांनी पोट धरून हसायचं. आमचे हे मात्र हसतही नसत आणि भावाला अडवतही नसत. ते पेपर वाचत. अठ्ठावीस वर्षं या माणसानं अशा वेळी पेपरच वाचला.

भाऊजींची एकदाच जिरली. गावातल्या मंडळींबरोबर ते काशीला गेले होते. तिथल्या धर्मशाळेतल्या माणसानं त्यांना पाहिलं, त्यांची हिंदी ऐकली आणि विचारलं, "साउथ से आये हो क्या?" भाऊजींनी छातीवर हात ठेवून सांगितलं, महाराष्ट्र! तो म्हणाला, "हाँ हाँ, वही, साउथ." आणि रात्रीच्या जेवणात भाऊजींच्या ताटात न मागता दोनदा भात वाढला. महिनाभर भाऊजी घुश्शात होते. "आमाला? साऊथवाले? अडाणी लेकाचे! नकाशा तरी बघावा मानसानं!" मी पदरात तोंड लपवून हसले होते. पण पाथर्डी आणि काशीचा काही संबंध असेल, हे त्यांच्या डोक्यात शेवटपर्यंत आलं नाही.

आता मुख्य गोष्ट. माझी लेक पुण्यात नोकरीला आहे. तिथं तिच्या घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "नगरची का गं? म्हणजे दुष्काळी भाग ना?" लेकीनं सांगितलं, आमचा ऊस आहे. बाई म्हणाल्या, "अगं बाई, नगरला ऊस पण होतो?" पुण्याला आमचं उत्तर-दक्षिण काही दिसत नाही, सगळेच कोरडे. हे ऐकून भाऊजींना दोन घास कमी गेले. तर त्या पुण्यात, तिच्याच कंपनीत एक मुलगा होता. एके दिवशी तिनं फोनवर सांगितलं, "आई, आम्ही लग्न करायचं म्हणतोय. मुलगा तुझ्याकडचाच आहे, पाथर्डी तालुक्यातला."

मला एवढा आनंद झाला की मी मशीनवरून उठून उभीच राहिले. माझ्याकडचा! माझ्या बोलीचा जावई! डोळ्यांत पाणी आलं. आणि त्या पाण्यासकट मी पहिला प्रश्न काय विचारला असेल? "त्यांच्या विहिरीला पाणी आहे का गं?" लेक म्हणाली, "आई, आम्ही पुण्यात राहणार आहोत." मी म्हटलं, हो हो, सहज विचारलं.

घरात गहजब झाला. जात जुळत होती. सासूबाईंनी हौसेनं पत्रिका दाखवली, तर तीही मेली जुळली. अडवायला काही उरलं नाही, तेव्हा दिशा काढली. "टँकरच्या लाईनीत हंडा घेऊन उभी करायचीय का पोरीला?" भाऊजी गरजले. सुट्टी काढून आलेली लेक म्हणाली, "काका, पुण्यात आमच्या सोसायटीला टँकरच येतो." भाऊजी जरा अडखळले. मग म्हणाले, "पुण्याचा टँकर येगळा." त्यात काय वेगळं, ते त्यांनी सांगितलं नाही. सासूबाईंचं एकच पालुपद, लोक काय म्हणतील, पाटावरची पोरगी माळावर दिली. यांनी पेपर वाचला.

मग मी मशीन बंद केलं. दसरा तोंडावर आलेला, घरात ब्लाउजपिसांचा ढीग, आणि मी पंख्याखाली बसून राहिले. म्हटलं, लेकीचं ठरेपर्यंत सुईला हात लावणार नाही. पाचव्या दिवशी गावातल्या बायका दारात येऊन सासूबाईंशी भांडायला लागल्या. सहाव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, "जाऊन तर या एकदा. घर बघायला काय जातंय?" लेकीनं मला मिठीच मारली. अख्ख्या लग्नात एवढा एकच पराक्रम माझा, म्हणून सांगून टाकला.

घर बघायला निघालो आम्ही चौघं, हे, भाऊजी, लेक आणि मी. दोन्ही घरांच्या ओळखीचा एक मध्यस्थ धरला होता, तो नगरजवळ केडगावला गाडीत बसला. भाऊजींनी डिकीत पाण्याचा वीस लिटरचा जार ठेवलेला. "आपल्याला तिकडचं पाणी सोसायचं न्हाई," म्हणे. सोयऱ्यांच्या घरी जाताना लोक पेढे नेतात, आम्ही पाणी नेलं. मी त्यावर माझी शाल टाकली आणि हात जोडून सांगितलं, भाऊजी, डिकी उघडू नका.

मुलाचं घर साधं, सिमेंटचं, अंगण झाडून लख्ख. पायरीशी एक बादली होती. ती बघून मला बरं वाटलं. आमच्या माहेरीही असायची. पेल्यात उरलेलं पाणी, हात धुतलेलं पाणी त्या बादलीत जायचं आणि संध्याकाळी शेळ्यांपुढं. मुलाचे वडील मोजकं बोलणारे. आई काटक, चटपटीत, एका जागी न बसणारी. तिनं माझा हात धरून आत नेलं. "तुमचं म्हायेर इकडचंच, असं कळलं. म्हनून मुद्दाम शेंगोळे केलेत." हुलग्याच्या शेंगोळ्यांचा तो वास! किती वर्षांनी! बेलापूरला मी कधी केलेच नाहीत, कारण केले तर काय काय ऐकावं लागेल ते मला माहीत होतं.

आणि ते इथंही ऐकावं लागलंच. ताट समोर आल्याबरोबर भाऊजी म्हणाले, "हुलगे व्हय? आमच्याकडं बैलाला घालत्यात." आणि माझ्याकडं वळले. "काय वहिनी?" माझ्या तोंडून आपोआप निघालं, "म्हणून तर मी एवढी नांगराला चालते!" भाऊजी हसले, मध्यस्थ हसला, मीही हसले. मुलाच्या आईनं माझ्या ताटात तूप वाढलं. लेक खाली मान घालून जेवत होती. तिनं शेंगोळे दोनदा मागून घेतले.

जेवण झाल्यावर भाऊजी विहीर बघायला उठले. आमच्याकडं ही पद्धतच आहे. मुलगी द्यायची तर मुलीचा बाप नाहीतर चुलता मुलाची विहीर बघतो, आणि जाणकार असेल तर आत खडा टाकून आवाज ऐकतो. डुबुक आलं की सोयरीक पुढं सरकते. भाऊजींनी चांगला मुठीएवढा दगड टाकला आणि कान देऊन उभे राहिले. खाली दगडावर दगड वाजला. भाऊजी खूश! सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्या विहिरीत जीव द्यायची बी सोय न्हाई राव! मानूस उडी मारंल आन गुडघं फोडून घरी परत येईल!" मुलाचे वडील कसंनुसं हसले. मुलगा दुसरीकडं बघायला लागला. मुलाची आई माझ्या शेजारीच उभी होती. भाऊजींनी विचारलंसुद्धा नव्हतं, तरी मी मोठ्यांदा हसले. चांगली तोंडाला पदर लावून हसले.

त्यानंतर चहा झाला आणि निघता निघता माझ्या हातून ते घडलं. मुलाच्या आईनं पेला भरून पाणी दिलं. मी दोन घोट प्यायले आणि उरलेलं सर्रकन अंगणात फेकलं. बादली पावलावर होती. मातीत पाणी जिरलं, तेव्हा मला कळलं मी काय केलं ते. मुलाच्या आईनं माझ्या हातातला पेला घेतला आणि ती आत गेली.

परतीच्या वाटेवर भाऊजी मोठ्या मनाचे झाले होते. "मानसं तशी बरी हायेत. एकदम व्हय म्हनायचं न्हाई. आठ-पंधरा दिस झुलवू, मंग देऊ होकार." मी खिडकीतून बघत होते. माझ्या डोक्यात तो पेलाच फिरत होता.

चौथ्या दिवशी केडगावहून मध्यस्थाचा फोन आला. नकार. मुलाच्या आईचं मन नाही म्हणे. सासूबाईंनी तीनदा विचारलं, "त्यांनी? आपल्याला?" भाऊजी तर खाटेवर बसूनच राहिले. दक्षिणेकडून नकार येऊ शकतो, हे त्यांच्या गणितातच नव्हतं. दोन तासांनी त्यांना वाचा फुटली आणि ते म्हणाले, "बघा, मी म्हनलं न्हवतं? ती मानसं ताठच!" असं ते कधीच म्हणाले नव्हते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा यांनी पेपर बाजूला ठेवला आणि विचारलं, "असं का केलं असंल?"

लेकीचा फोन आला. रडून रडून आवाज बसला होता. "तो विचारतोय, पण त्याची आई कारण सांगत नाही. तिच्या मनाविरुद्ध तो करणार नाही, आणि मला पण तसं नकोय. आई, काय झालं असेल?" मी म्हटलं, "ती माणसं तसलीच गं." म्हटलं आणि माझीच जीभ चावली. ती माणसं म्हणे! लेक हळूच म्हणाली, "आई, तू पण?" आणि तिनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच निघाले. घरात सांगितलं, नगरला अस्तराचं कापड आणायला जाते. नगरला उतरून पाथर्डीची एसटी धरली, पुढं जीप. दुपारी बाराला त्यांच्या अंगणात पोचले. मुलाची आई ओसरीत तूर निवडत होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं असावं, पण तिनं आधी घोंगडी टाकली, पाणी दिलं. मी पेला रिकामा होईपर्यंत प्यायले, मग बोलले.

"त्या दिवशी पाणी फेकलं मी. सवयीनं हात गेला हो. मला कळायला पाहिजे होतं. त्याची शिक्षा पोरीला देऊ नका."

ती माझ्याकडं बघतच राहिली. "पान्याचं? अवो बाई, पावन्याच्या हातून पानी सांडतंच. त्याच्यावरून कुनी सोयरीक मोडतं व्हय? एवढे भिकारी न्हाई आमी."

"मग?"

ती थोडा वेळ तूर निवडत राहिली. खडे वेगळे, तूर वेगळी. मग म्हणाली, "तुमच्या दिराचं मला काई न्हाई. त्ये तिकडचे. आमी नवरा-बायकोनं आठ सीजन तिकडं ऊस तोडलाय, पाटाच्या कडंलाच पाचटाची कोपी हुती आमची. बांधावर हुबं ऱ्हाऊन काय काय बोलायचे, लई ऐकलंय. त्ये हसनं मला पाठ हाय. पन तुमी का हसलात?"

माझ्याकडं कुणालाही द्यायला उत्तर तयार असतं. अठ्ठावीस वर्षांची कमाई ती. त्या वेळी मी तिच्या तुरीतले खडे वेचायला लागले.

"मी लेकराला आधी व्हय म्हनले हुते," ती म्हणाली. "का, सांगू? त्यानं सांगितलं, पोरीची आई इकडची हाय. मला वाटलं, चला. माझं लेकरू दिवाळीला त्या घरात जाईल, सगळे त्याला दुष्काळी म्हनतील, हसतील. पन तिथं एक बाई आपली आसंल. ती म्हनंल, बास करा. आन तुमीच सगळ्यात मोठ्यांदा हसलात बाई. माझ्याच दारात. मंग त्या घरात त्याचं कोन?"

मला रडू कोसळलं. लाजेचं रडू होतं ते, दुसरं कसलं नाही. रडता रडता मी म्हटलं, तसं केलं नसतं तर तिथं दिवस निघाले नसते. ती म्हणाली, "आसंल. तुमचं तुमाला म्हाईत." समजूत घातली नाही, पण तोंडही फिरवलं नाही. थोड्या वेळानं मी म्हटलं, "माझी पोरगी हसली नव्हती."

"न्हाई. ती जेवत हुती," ती म्हणाली. "पोरीत खोट न्हाई." तूर सुपात ओढली आणि म्हणाली, "तुमी आमची विहीर बगून गेलात. आता मी येते तुमच्याकडं. एकदा मानसं बगते."

पुढच्या रविवारी ती आली, मुलगा, त्याचे वडील आणि मध्यस्थ बरोबर. आमच्या घरात सगळ्यांना वाटलं, दक्षिणेचं डोकं ठिकाणावर आलं. मी काही कुणाला सांगितलं नव्हतं, लेकीलासुद्धा नाही. ती पुण्याहून येऊन स्वयंपाकघरात पुऱ्या लाटत होती आणि दर दोन मिनिटांनी दारातून डोकावत होती. बैठकीत चहा आला, आमच्याकडचा, चमचा उभा राहील एवढ्या साखरेचा. लग्न कुठं करायचं, मांडव कुठं घालायचा, असं बोलणं निघालं. भाऊजी फुलले. त्यांनी मांडीवर थाप मारली.

"लग्न तुमच्याकडंच होऊ द्या हो. मांडवाचा खर्च न्हाई! तिकडं मांडवाला छतच घालत न्हाईत म्हनं. चुकून पाऊस आला तर वरच्या वर वाया जायला नको!"

मध्यस्थ हसला. सासूबाई हसल्या. मुलानं कपातल्या चहाकडं बघितलं. त्याच्या आईनं कुणाकडंच बघितलं नाही, फक्त माझ्याकडं बघितलं.

"काय वहिनी?" भाऊजी म्हणाले.

सगळे माझ्याकडं वळले. मला पुढचं वाक्यही सुचलं होतं, जिभेवर येऊन बसलं होतं. खरं सांगते, विनोद चांगला होता. इतक्या वर्षांत भाऊजींना यापेक्षा चांगला सुचलेला नाही. हसू दाबताना माझ्या बरगड्या दुखल्या.

"मला नाही हसू आलं, भाऊजी," मी म्हटलं. "जावयासमोर असलं बोलायचं नाही."

भाऊजींचा हात मांडीवरच राहिला. सासूबाईंनी मला आपादमस्तक बघितलं, जणू नळ सोडायला शिकवलेली मी ती नव्हेच. लेक लाटणं घेऊन दारात येऊन उभी राहिली.

मुलाच्या आईनं कप खाली ठेवला. "इहीनबाई," ती मला म्हणाली, "तारीख कधीची धरायची?"